दुसऱ्याच्या नावाची भांडी

सकाळी साडेपाचला ज्या तपेलीत मी चहाचं आधण ठेवते, तिच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय: 'चि. सौ. कां.', पुढं एका मुलीचं नाव, आणि मग 'हिस मोठ्या मामाकडून सप्रेम भेट, २-५-७९'. मुलीचं नाव इथं लिहीत नाही, कारण ती कोण हे मला ठाऊक नाही आणि तिला विचारायची सोयही नाही. आता ती साठीच्या पुढं असेल. लग्न मे महिन्यातलं. मामा एकापेक्षा जास्त, कारण 'मोठ्या' असं मुद्दाम घातलंय. एवढीच आमची ओळख. गेली सहा वर्षं तिच्या मोठ्या मामाच्या तपेलीत माझा चहा उकळतोय.

दुधाचं पातेलं कुणाच्या तरी 'कै. आईंच्या स्मरणार्थ' आहे. आमटी ज्यात होते त्यावर 'भिशी १९९२'. पाणी प्यायच्या फुलपात्रांपैकी एकावर 'बारशानिमित्त आत्याकडून', आणि बाळाचं नाव घासून घासून इतकं पुसट झालंय की पहिलं अक्षर 'स' की 'म', यावर आमच्या घरी वाद आहे. माझ्या लग्नातली, माझं नाव घातलेली भांडी किती? एक परात आणि एक कढई. बस. लोखंडी खलबत्ताही माझाच, पण त्याच्यावर कोण नाव घालतंय!

मध्ये लेक पुण्याहून आली तेव्हा तिची मैत्रीण बरोबर होती. गुणी पोर, जेवल्यावर भांडी घासायला बसली, आणि थोड्या वेळानं हळूच विचारते, "काकू, तुम्ही भांड्यांचा धंदा करता का?" नाही गं बाई, म्हटलं, मी ब्लाउज शिवते. मग ती कथा सांगण्यात दुपार गेली. लेक म्हणाली, आई, हे लिही. म्हणून लिहितेय.

खरं तर लेकीला माझ्याकडून काही वेगळंच लिहून हवं होतं. तिच्या ऑफिसात कुणीतरी शिकवून गेलं, की रोज झोपताना आज कशाकशाबद्दल कृतज्ञ वाटलं अशा तीन गोष्टी वहीत लिहायच्या, मन शांत राहतं. मी म्हटलं, बघू तर खरं. शिवणाच्या मापांची वही होती, तिच्याच मागच्या पानावर सुरू केलं. पहिल्या दिवशी लिहिलं: पाऊस उघडला, यांचं बीपी उतरलं, पेरूला कळी आली. दुसऱ्या दिवशीही जमलं. तिसऱ्या दिवशी 'गॅस संपला नाही' इथपर्यंत गाडी आली. चौथ्या दिवशी 'अमक्या बाई ब्लाउज बिनतक्रार घेऊन गेल्या', आणि पाचव्या दिवशी त्याच पानावर छाती ३६, बाही १०, गळा मागून खोल. तिथंच तो उद्योग संपला.

मला वाटतं, आपल्या घरांतून ही गोष्ट अशी बोलून दाखवायची सवयच नाही. यांनी मला कधी धन्यवाद म्हटलं, तर मी आधी कपाळाला हात लावून ताप बघेन. भाकरी चांगली झाली असली तर आणखी अर्धी मागतात, तेवढ्यावर सगळं कळतं. पण एक नियम मात्र आमच्याकडं मोडलेला चालत नाही. कुणाचा डबा, वाटी, पातेलं आलं तर ते रिकामं परत द्यायचं नाही. मूठभर साखर, चार शेंगा, दोन लिंबं, अगदीच काही नसलं तर परसातल्या कढीपत्त्याची एक डहाळी. लहानपणी एकदा मी शेजारची वाटी घासून-पुसून तशीच घेऊन निघाले, तर आईनं उंबऱ्यातून दंडाला धरून मागं ओढलं. "रिकामं भांडं घेऊन निघालीस? घरात माणसं राहतात का नाही?" वाटीत गुळाचा खडा टाकून दिला. रस्त्यात त्यातला निम्मा मी खाल्ला, ते सोडा.

आता या माझ्या भांड्यांची गोष्ट.

सांगलीत पावसाळ्यात भेटल्यावर माणसं 'कसं काय, बरं आहे ना' असलं काही विचारत नाहीत. 'आयर्विनला किती?' असं विचारतात. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा १९२९ सालचा पूल. तिथं पाणी मोजतात. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि त्याच्या पुढं कुठल्या फुटाला कुठल्या गल्लीत पाणी शिरतं हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. आमचं घर गावभागात, जुनं, पुढच्या खोल्या विटांच्या आणि स्वयंपाकघर पांढऱ्या मातीच्या भिंतींचं. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या पुढं गेलं होतं. तेव्हा घरात कमरेएवढं आलं. पाणी उतरल्यावर मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, भिंतीवर त्या पाण्याची निळ्या ऑइलपेंटनं रेघ मारून ठेवली. पुढं चौदा वर्षं ती रेघ हाच आमचा कायदा. काय ठेवायचं ते रेघेच्या वर. मांडणी रेघेच्या वर, माझं शिलाई मशीन उचलून ठेवायचा कट्टा रेघेच्या वर, तांदळाची कोठी रेघेच्या वर. मामा गेले तरी रेघ होती.

२०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं.

पण ते नंतर. ५ ऑगस्टला सोमवार होता, नागपंचमी. त्या दिवशी चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, त्यामुळं शेजारच्या वहिनींकडं पुरणाची दिंडं असतात, आणि दरवर्षी आमच्याकडं पाच-सहा येतातच. तशी त्या दिवशीही आली. बाहेर पाऊस धो धो, कोयनेतून पाणी सोडलेलं, गल्लीच्या तोंडाशी माणसं येऊन चपला बुडतात का बघून जात होती, आणि वहिनी पदराखाली डबा झाकून माझ्या दारात. "गरम आहेत तोवर खा. तूप घ्या वरनं." चार आम्ही खाल्ली. दोन राहिली.

संध्याकाळी चुलतपुतण्या रिक्षा घेऊन आला आणि म्हणाला, काकू, आत्ताच्या आत्ता निघा. आम्ही तिघं: मी, हे आणि आत्या. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. त्या तेव्हा ८१ वर्षांच्या. मशीन कट्ट्यावर चढवलं, गाद्या माळ्यावर टाकल्या, भांडी मांडणीवर होतीच. रेघेच्या वर दोन फूट सगळं. कागदपत्रांची पिशवी, आत्यांची जपमाळ आणि पोथी, गोळ्या, आणि चार कपडे. शेवटी स्वयंपाकघरातला दिवा मालवताना ओट्यावर वहिनींचा डबा दिसला. दोन दिंडं टाकून जायचं जिवावर आलं, म्हणून तोही पिशवीत घातला.

विश्रामबागेला नणंदेकडं उंचावर सुरक्षित होतो. आठवडाभर बातम्या, फोन, आणि 'आयर्विनला किती'. ८ तारखेला ब्रह्मनाळची नाव उलटल्याची बातमी आली. पुरातून बाहेर पडायला निघालेली माणसं, बायका, लेकरं. त्या दिवसानंतर भांड्याकुंड्यांबद्दल तोंड उघडायची मला लाज वाटायला लागली. आजही हे लिहिताना थोडी वाटतेच.

१४ ऑगस्टला हे आणि मी परत घरी गेलो. दार उघडेना, आतून गाळानं अडवलेलं. ढकलून आत गेलो तर आधी वास. तो वास कसा होता ते सांगता येत नाही, पण अजूनही कुठं गटार तुंबलं की माझ्या पोटात गोळा येतो. भिंतीवर निळी रेघ शोधली. ती गाळाखाली गेली होती, आणि तिच्या वर, माझ्या डोक्याच्याही वर हात नेला तर बोटं जिथं टेकतात, तिथं नवीन तपकिरी रेघ. पुढच्या खोल्या उभ्या होत्या. स्वयंपाकघराची मागची भिंत नव्हती. म्हणजे पडलेली नव्हती, नव्हतीच. पांढरी माती पाण्यात बसून बसून विरघळली होती, आणि जिथं मांडणी होती तिथून सरळ परसातला पेरू दिसत होता.

एक गोष्ट मला तेव्हा कळली, जी तीस वर्षं संसार करून कळली नव्हती. पुरात जड भांडी राहतात आणि डबे जातात. झाकण जितकं घट्ट तितका डबा लवकर जातो. मी चांगले घट्ट झाकणाचे म्हणून मुद्दाम निवडून घेतलेले एकतीस डबे, डाळी, रवा, शेंगदाणे, मसाल्यासकट तरंगत भिंतीच्या भगदाडातून निघून गेले. हलकी पातेली, तांबे त्यांच्या मागोमाग. परात आणि कढई मात्र गाळात पालथी पडलेली सापडली. त्या डब्यांवर माझं नाव होतं, माहेरचं सासरचं दोन्ही, आणि १९८८ साल. हरिपूर, अंकली, म्हैसाळ, कुठं लागले असतील कोण जाणे. एखादा नरसोबाच्या वाडीपर्यंतही गेला असेल. खाली कुणाच्या तरी शेतात उसाच्या सरीत अडकून, आता त्यांच्या घरी त्यात मीठ-मिरची असेल, आणि त्यांची सून म्हणत असेल, ही बाई कोण गं?

मशीनचं थोडक्यात सांगते. कट्टा पाण्याखाली, मशीन आठवडाभर पाण्यात. लाकडी पाट फुगून फुटला होता. गल्लीतला मशीन दुरुस्त करणारा माणूस स्वतः पूरग्रस्त, पण त्यानं रस्त्यावरच पोतं अंथरलं आणि आमच्या गल्लीतली सगळी मशिनं एकेक खोलून रॉकेलमध्ये बुडवून, पुसून, तेल घालून दिली. मजुरी विचारली तर म्हणाला, "तेलाचे तेवढे द्या." गणपतीत माझं मशीन चालू झालं. आजही उलटी टीप मारताना कुरकुरतं. पण चालतं.

मग मदत यायला लागली.

पहिल्यांदा भाकरी आली. जतकडच्या एका गावाचा टेम्पो होता. म्हणजे आमच्याच जिल्ह्यातला, पण जिथं त्या वर्षी पाऊस नव्हता आणि जनावरं छावणीत होती असा भाग. आम्ही पाण्यानं उठलेले आणि ते पाण्यावाचून बसलेले, आणि त्यांनी आम्हाला भाकरी आणली. ज्वारीच्या कडक भाकऱ्या, धुतलेल्या धोतराच्या कापडात बांधलेल्या, आणि शेंगाची चटणी. मी एक भाकरी मोडली तर आत एका बाजूला बोटाचे ठसे तसेच दिसत होते. थापणाऱ्या बाईचा हात माझ्यापेक्षा लहान होता. असल्या गोष्टी तेव्हा का बघाव्याशा वाटल्या, सांगता येत नाही.

आत्यांचा प्रश्न वेगळा होता. आम्ही जैन, त्यात चातुर्मास. त्या सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत, कांदा-लसूण-बटाटा तर नाहीच. घर जरा आवरल्यावर आम्ही परत राहायला आलो. तेव्हा जेवणाची पाकिटं रात्री आठला यायची आणि त्यात बटाट्याची भाजी असायची. दोन दिवस आत्या दूध आणि केळ्यावर राहिल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी वाटणाऱ्या पोरांपैकी एकानं मलाच विचारलं, "आजी का खात नाहीत?" सांगितलं. चौथ्या दिवशी तो पोरगा पाच वाजता एकटा मोटरसायकलवर आला, डब्यात साधं वरण आणि भात घेऊन. म्हणाला, आईनं वेगळं केलंय. पुढं रोज, दहा दिवस, पाच वाजता. तो कोणत्या जातीचा, कुठल्या गल्लीतला, आम्ही विचारलं नाही. त्याचा डबा मात्र मी रोज धुऊन द्यायची आणि रोज ओशाळायची, कारण त्यात घालायला माझ्याकडं काहीच नव्हतं. एकदा पेरूची चार पानं घातली. 'दात दुखला तर चावायला,' म्हटलं. पोरगा हसला.

कपड्यांबद्दल मात्र बोलायलाच हवं. चौकात कपड्यांचे डोंगर झाले होते. त्यात काय नव्हतं! जरीचे घागरे, उंच टाचांची एक चप्पल (एकच), शिवण उसवलेले, कॉलर फाटलेले शर्ट, आणि एका पिशवीत वापरलेल्या बनियनी. मी शिवणारी बाई, कापड हातात घेतलं की मला त्याचं वय कळतं. मी संतापून यांना म्हटलं, लोकांनी कपाटं साफ केलीत आपल्या जिवावर. देणं म्हणतात का याला? पूरग्रस्त म्हणजे काय उकिरडा आहे?

त्याच आठवड्यात भांड्यांचा टेम्पो आला.

लातूरकडचा. औसा भागातला. गोणपाटाच्या पोत्यांत भांडी होती, नवी नाहीत, वापरातली, पण घासून लख्ख केलेली. प्रत्येक घराला आठ-दहा नग. वाटणारे गृहस्थ पन्नाशीचे असतील, टोपी, गळ्यात उपरणं. हे म्हणाले, एवढ्या लांबनं आलात. तर तो माणूस म्हणाला, "त्र्याण्णवला तुमच्याकडची भाकरी खाल्लीय आम्ही. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो."

३० सप्टेंबर १९९३. किल्लारीचा भूकंप. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका आटोपून माणसं निजली होती आणि पहाटे चारच्या सुमाराला घरं अंगावर आली. तिथली घरंही दगडमातीचीच. त्या वेळी सांगलीत गल्लोगल्ली पोरं हातगाडे घेऊन फिरली होती, भांडी द्या, कपडे द्या, धान्य द्या. आमच्याही दारात आली होती. मी तेव्हा पाच वर्षांची जुनी सून, स्वयंपाकघर नुकतं हातात आलेलं.

आणि टेम्पोसमोर रांगेत उभी असताना मला ती कळशी आठवली.

पितळेची कळशी होती, बुडाला बारीक भोक. मी तिला साबणाचा तुकडा चोपडून वापरायची, दोन दिवस टिकायचं, परत गळायची. त्र्याण्णवला हातगाडा दारात आला तेव्हा मी चार भांडी चाचपली, आणि दिली ती कळशी. बरं झालं, अडगळ गेली, असंही मनात आलं होतं. ज्या बाईचं घर पडलंय, तिला मी गळकी कळशी दिली. आणि सव्वीस वर्षांनी बनियनीवरून लोकांना शिव्या घालत होते.

त्या माणसाच्या हातून मी मोठ्या मामाची तपेली घेतली. खाली वाकून आधी बूड बघितलं. शिवणाऱ्या बाईची सवय, दुसरं काय. बूड ठणठणीत होतं.

रात्री मी हे आत्यांना सांगून टाकलं. छातीवरचं ओझं कुणाला तरी द्यायचं होतं. त्या गोधडीवर बसून माळ ओढत होत्या. मणी सरकवायचा थांबवून म्हणाल्या, "ती कळशी व्हय? मला ठाऊक होतं की. मी त्या पोरांना थांबवून तिला डाग लावून आणली कासाराकडनं. दोन रुपये घेतले मेल्यानं. मग गाड्यावर ठेवली."

सव्वीस वर्षं या बाईनं मला सांगितलं नव्हतं. सून आहे, पोर आहे, चुकते, कशाला बोलायचं, असं असेल. किंवा विसरल्याही असतील. आत्यांचं काही सांगता येत नसे.

आत्यांनी फार पूर्वी एका चातुर्मासात महाराजांसमोर परिग्रहाचं परिमाण घेतलं होतं. म्हणजे आपल्याजवळ काय किती ठेवायचं याची संख्या ठरवून घ्यायची आणि ती ओलांडायची नाही. श्रावकांसाठी हे व्रत आहे, पुष्कळ जण घेतात, आणि पुष्कळ जण आकडे असे मोठे धरतात की कधी ओलांडायची वेळच येऊ नये. आत्यांनी सहा लुगडी धरली होती. सहा म्हणजे सहा. दिवाळीला लेकीनं सातवं आणलं की त्याच दिवशी जुन्यांतलं एक घरकामाच्या बाईला. मला याचा वैताग यायचा. चांगली इरकल देऊन टाकली म्हणून मी एकदा दोन दिवस बोलले नव्हते.

पुरात त्यांची चार गेली, दोन राहिली. मदत वाटणाऱ्या मुली साड्या घेऊन आल्या तेव्हा आत्यांनी चार घेतल्या आणि पाचवी पुढं केली तर हात मागं. "बास. सहा झाली." ती मुलगी बिचारी म्हणाली, आजी, रंग आवडला नाही का, दुसरी दाखवू? आत्या म्हणाल्या, "रंग चांगलाय बाळ. तूच नेस."

त्यानंतर महिन्याभरात पर्युषण आलं. दहा दिवसांचे दहा धर्म, त्यातला नववा उत्तम आकिंचन्य. माझं म्हणून काही नाही, असं मनात आणायचा दिवस. बस्तीतून, म्हणजे आमच्या जैन मंदिरातून, परत येताना आत्या रिक्षात माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "औंदा आकिंचन्य नदीनंच करून दिलं. आपल्याला काय कष्ट नाही पडले." आणि खुदुखुदु हसायला लागल्या. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं.

मी काही आत्या नाही. ज्यांच्या घरातला मिक्सर कधी बंद पडला नाही त्यांनी साध्या राहणीचं कौतुक सांगितलं की माझं डोकं फिरतं. पाट्यावर वाटून बघा महिनाभर. आम्ही सरकारी मदतीचे पैसे आल्यावर पहिल्या आठवड्यात मिक्सर घेतला, आणि मला त्याची काडीची लाज नाही. मशीनला नवा पाटही बसवला. पण काही गोष्टी घ्यायच्या राहिल्या त्या राहिल्याच. शोकेस घेतली नाही, कारण शोकेसमध्ये ठेवायचं जे होतं ते गेलं होतं, आणि काय काय होतं ते आठवायला बसलो तर आम्हा दोघांना मिळून सातच वस्तू आठवल्या. पाहुण्यांसाठीचा चोवीस कपांचा संच घेतला नाही. पाहुणे आले की बारशाच्या फुलपात्रात चहा मिळतो. डबे मात्र पुन्हा जमलेत. आज मोजले, एकोणीस आहेत. झाकणं मुद्दाम जरा सैल बघून घेतलीत.

२०२१ च्या जुलैत परत पाणी आलं, पंचावन्न फुटांच्या आसपास. निळ्या रेघेच्या वर फूटभर. त्या वेळी आम्ही दोन तासांत घर गाडीत घातलं. २०१९ ला काय उचलू आणि काय नको यातच सगळा वेळ गेला होता आणि तरी सगळं मागंच राहिलं होतं. आता आमच्या घरात वस्तू आणायचा हिशेब एवढाच: हे आपल्याला दोघांना उचलता येतं का? यांचे गुडघे गेलेत, त्यामुळं उत्तर बहुतेक वेळा नाही असंच येतं. मागची भिंत आता सिमेंटची आहे, पण परसाच्या बाजूनं तिला अजून गिलावा केलेला नाही. पुढच्या वर्षी बघू.

त्याच आठवड्यात तिकडं चिपळूण बुडालं होतं. आमची पोरं भांडी गोळा करायला निघाली. माझ्याकडं दुसऱ्यांच्या नावाची तेवढी होती, त्यातलं एक पातेलं दिलं, लातूरच्या पोत्यातलंच. 'मातोश्रींकडून, दिवाळी १९८५' असं होतं त्याच्यावर. देताना बूड दोनदा बघितलं, पाणी भरून उजेडासमोर धरलं. हे म्हणाले, आता काय एक्स-रे काढतेस?

आत्या २०२३ च्या थंडीत गेल्या. त्यांचं सामान आवरायला मला पाऊण तास लागला. सहा लुगडी होती.

वहिनींचा डबा राहिलाच सांगायचा. पूर उतरल्यावर, गाळात सापडलेलं सोडलं तर, माझ्या घरात धड असं एकमेव भांडं तो डबा होता. वहिनींनी त्यानंतर घर विकलं, आता मुलाजवळ कुपवाडच्या बाजूला असतात. तो डबा परत करायला मला तीन महिने लागले, कारण रिकामा देववेना आणि भरायला मनासारखं काही होईना. शेवटी दिवाळीत शंकरपाळे घालून नेला. वहिनींनी तो बघितला आणि म्हणाल्या, अगंबाई, हा गेला म्हणून मी सोडून दिला होता! महिन्याभरात तो माझ्याकडं परत आला, तिळाची वडी घेऊन. मी काय रिकामा पाठवणार? मग हुलग्याची पिठी गेली. तिकडून मेतकूट आलं. इकडून सांडगे. त्यालाही आता सहा वर्षं होत आली. डबा कुणाचा हे आता दोघींनाही बोलायचं नसतं. झाकणाला एक पोचा आहे, तो रिक्षातून पडला तेव्हाचा. मी म्हणते त्यांच्या हातून, त्या म्हणतात माझ्या.

सध्या तो माझ्याकडं आहे. वहिनींना साखर निघालीय, त्यामुळं गोड बंद. भडंग करावं म्हणतेय. माझ्या भडंगात लसूण नसतो, आणि वहिनी दर वेळी फोन करून सांगतात की लसणाशिवाय भडंग म्हणजे नुसते चुरमुरे. सांगू देत. सकाळीच चुरमुरे चाळून पत्र्यावर उन्हात घातलेत. ऊन बरं आहे, पण पश्चिमेला थोडं भरून आल्यासारखं दिसतंय, तेव्हा आता उठते.